विमानासाठी पायघड्या

माझं लग्न माणसाशी झालंय, विमानाशी नव्हे, हे मी ह्यांना पहिल्याच वर्षी ऐकवलं होतं. ह्यांनी ते हसण्यावारी नेलं. मी लग्न होऊन सोलापूरला आले तेव्हा हे मुंबईला कॉलेजात शिकत होते, निदान घरातल्या सगळ्यांची तशी समजूत होती. प्रत्यक्षात कॉलेज राहिलं बाजूला आणि हे एका क्लबात जाऊन विमान चालवायला शिकले. घरी पत्ता नाही. पेपरात फोटो छापून आला तेव्हा कळलं. डोक्याला कातडी टोपी, कपाळावर मोठा चष्मा आणि तोंडभर हसू. लग्नाच्या फोटोत हे एवढे हसले नव्हते, तेही मी नंतर ऐकवलं.

ही गोष्ट एकोणीसशे तीस आणि पस्तीसच्या मधली. तेव्हा आमच्या सोलापुरात मोटार गेली तरी माणसं ओट्यावर येऊन बघायची. विमान बहुतेकांनी चित्रातच पाहिलेलं. आमचे मामंजी वकील, माणूस करारी. तो फोटो पाहून त्यांनी पेपराची घडी केली, बाजूला ठेवला आणि ह्यांच्याशी बोलणं टाकलं. पत्राला उत्तर नाही की घरात नाव काढणं नाही. कितीतरी महिने असे गेले. मग एके दिवशी कोर्टात जज्जसाहेब म्हणे त्यांना म्हणाले, "चिरंजीवांनी गावाचं नाव काढलं." झालं. मामंजींचा नूरच पालटला. घरी येऊन पगडी उतरवायच्या आत मला म्हणाले, "त्याला लिही. विमान घेऊन सोलापूरला ये म्हणावं. लोकांना बघू दे."

लिहायचं मी. त्यांनी स्वतः लिहिलं असतं तर कमीपणा आला असता ना.

सासूबाईंचं निराळं होतं. विमान म्हणजे काय हे त्यांना धड ठाऊक नव्हतं. मुलगा आभाळातून घरी येणार एवढं ठाऊक होतं, आणि त्यावर त्या बेहद्द खूष होत्या. त्यांच्यासारखी पाहुणचाराची हौस मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. दाराशी कुणी साधं टपाल घेऊन आला तरी त्याच्या हातावर शेंगांच्या चटणीबरोबर भाकरी पडायची. आलेल्या माणसाचं काही कमी झालं असं वाटलं तर त्यांना रात्रीचं जेवण जात नसे. माझं त्यांच्याशी पटायचं. मी फटकळ आणि त्या गरीब स्वभावाच्या, पण पटायचं.

विमान आणायच्या आधी हे एकदा आगगाडीनं येऊन गेले. मोठ्या दिरांना घेऊन टांग्यानं होटगीच्या वाटेवरचा एक माळ बघून आले. त्या दिरांना मी भावजी म्हणायची. अतिशय सरळ माणूस, हायस्कुलात मास्तर, सांगितलं ते काम तंतोतंत करणारे. उतरायला जागा ह्यांना पसंत पडली. मग संध्याकाळी माजघरात बसून ह्यांनी भावजींना खूण कशी टाकायची ते शिकवलं. माझ्या शिवणाच्या टोपलीतल्या दोन पांढऱ्या पट्ट्या घेतल्या आणि फरशीवर मांडल्या. एक लांब, उभी. तिच्या एका टोकाला दुसरी, आडवी. इंग्रजीतला टी होतो तसा.

"दादा, हे बघ. विमान उतरताना वारा समोरून पाहिजे," हे सांगत होते. "समोरून असला की तो विमानाला धरून ठेवतो. मागून असला तर ढकलतो, मग थांबता थांबत नाही. वरून मला वारा दिसत नाही. म्हणून तू खाली ही खूण टाकायची. जिकडून वारा येतोय, तिकडे आडवी पट्टी. मी उभ्या पट्टीच्या कडेनं आडवीकडे तोंड करून उतरणार. समजलं?"

भावजींनी पट्ट्या उचलल्या आणि पुन्हा मांडून दाखवल्या. हे म्हणाले, "बस्स. तू टाकलीस म्हणजे मी दुसरं काही बघणार नाही."

सासूबाई पलीकडे तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी एकदाच वर बघितलं आणि विचारलं, "रात्री पिठलं चालेल का रे बाळ?" बाकीचं त्यांच्या कानावरून गेलं. त्यांचा काय दोष. आम्हा बायकांना असल्या बोलण्यात कुणी घेतच नसे. मी आपली नाक खुपसून बसायची म्हणून मला कळलं.

संक्रांतीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा आटोपल्यावर, थंडी अजून होती तेव्हा, तो दिवस ठरला. मामंजींनी अख्खं गाव बोलावलं होतं. माळाच्या पश्चिमेच्या टोकाला मांडव घातला. कलेक्टरसाहेब, जज्ज, गिरणीतले मोठे लोक, सगळ्यांना खुर्च्या. एका बाजूला कनात लावून बायकांची सोय. सकाळपासून माणसं येत होती. शहरातून टांगे, होटगीकडच्या खेड्यांतून बैलगाड्या, पेठेतल्या विणकर साळ्यांच्या बायका तेलुगूत बोलत घोळक्यानं चालत आलेल्या. भावजींनी उजाडताच माळाच्या मधोमध मांजरपाटाच्या पांढऱ्या कापडाची खूण टाकली होती. पूर्वेचा वारा होता, म्हणून आडवी पट्टी पूर्वेला. चारी कोपऱ्यांवर दगड. सगळं जसं शिकवलं होतं तसं.

आता आमच्या लोकांना तुम्ही उघड्या माळावर एवढं कापड अंथरलेलं दाखवलंत, तर ते काय करतील? बसतील. बायका पोरं घेऊन, गाठोडी सोडून त्या मांजरपाटावर बसल्या. बसायलाच अंथरलंय अशी त्यांची समजूत. भावजी दोनदा उठवून आले. "बाई, हे बसायचं नाही." "व्हय व्हय," म्हणून त्या उठायच्या, भावजींची पाठ वळली की दुसऱ्या येऊन बसायच्या. तेवढ्यात मामंजींनी भावजींना कलेक्टरसाहेबांच्या स्वागताला रस्त्यावर पाठवलं. वडिलांनी सांगितल्यावर नाही म्हणायची टाप कुणाची.

मी त्या वेळी कनातीच्या आत ओवाळणीचं तबक लावत होते. बाहेर सासूबाईंचा आवाज येत होता. त्यांनी आमच्या परटाला बोलावलं होतं. आमच्याकडे वरात दाराशी आली, कुणी मानाचं माणूस आलं, की परीट पायघड्या घालतो. धुतलेली धोतरं एकापुढे एक जमिनीवर अंथरायची, आणि त्यावरून पाहुण्यानं चालत आत यायचं. घालण्याचा मान परटाचा. सासूबाईंनी घरातली होती नव्हती ती सगळी धोतरं त्याच्याकडून नीळ घालून धुऊन आणवली होती. मुलगा आभाळातून येणार आणि धुळीत पाय टाकणार, हे त्यांना चालण्यासारखं नव्हतं.

"मांडवापासून पार लांबवर ने," त्या सांगत होत्या. "विमान थांबेल तिथपर्यंत."

"आन् हितं दारापुढं वं, बाईसाब? साहेबलोक उबं ऱ्हानार न्हवं?"

"तिथं आडवी टाक की. त्यांच्या पायाला तरी धूळ का लागावी?"

मी हे कानांनी ऐकलं आणि तबकात सुपारी ठेवली. मला काही म्हणजे काही सुचलं नाही. जमिनीवर उभ्या माणसाला ती नुसती धोतरं दिसतात. ती अक्षर व्हायला वर जावं लागतं.

गिरणीचा भोंगा झाला आणि थोड्या वेळानं विमानाचा आवाज आला. आधी कुणाला पत्ता लागेना कुठून येतोय. मग एक म्हातारा हात करून ओरडला आणि सगळा माळ उभा राहिला. मी कनात सारून बाहेर आले. मोठ्या घरच्या सुनेनं असं यायचं नसतं, पण त्या वेळी मला अडवायला कुणाचं लक्ष होतं? विमान पिवळं होतं आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा फार लहान. त्यानं माळावर एक फेरी घेतली. आत ह्यांचं डोकं दिसलं. सासूबाईंनी माझा दंड धरला होता. त्या हसत होत्या आणि रडतही होत्या. मलासुद्धा, खोटं कशाला बोलू, अभिमान वाटला.

मग विमान लांब पूर्वेला गेलं, वळलं, आणि खाली येत आमच्याकडे यायला लागलं.

वारा माझ्या तोंडावर येत होता. पदर मागं उडत होता, मी तो एका हातानं धरला होता. हे मला स्वच्छ आठवतं, कारण पुढचा विचार तिथंच आला. वारा माझ्या तोंडावर येतोय आणि विमान माझ्याकडे येतंय. म्हणजे तो ह्यांच्या पाठीवर आहे. ह्यांनी फरशीवर सांगितलं होतं त्याच्या बरोबर उलटं. मी ओरडले का नाही ते माहीत नाही. ओरडले असते तरी ऐकणार कोण?

चाकं जमिनीला टेकली, विमान उडी मारून वर उठलं, पुन्हा टेकलं. लोक टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं असंच असतं. पण ते थांबेना. वेग कमी होईना. समोर आम्ही. मांडव, खुर्च्या, बायका, पोरं, सगळं समोर. ज्यांना कळलं ते पळाले आणि ज्यांना कळलं नाही ते टाळ्या वाजवत राहिले. मग इंजिनाचा आवाज एकदम वाढला. ह्यांनी विमान पुन्हा उचललं. आमच्या डोक्यावरून, मांडवाच्या कडेवरून ते गेलं. कनातीचं कापड फाटल्याचा आवाज मी ऐकला. मागं बांधावर बाभळ होती. पंख तिला लागला. विमान एका कुशीवर झालं आणि पलीकडच्या शाळूच्या रानात नाकावर पडलं.

मग एकदम सगळे धावले. मीही. डोक्यावर पदर होता का नव्हता, पायात काही होतं का नव्हतं, देव जाणे. कणसं तोंडावर आपटत होती. पेट्रोलचा वास एवढा की डोळ्यांतून पाणी येत होतं. होटगीकडच्या शेतकऱ्यांनी ह्यांना बाहेर ओढून काढलं होतं. कपाळ फुटलेलं, पाय मांडीपासून भलत्याच बाजूला वळलेला. एकजण दुसऱ्यांवर खेकसत होता, "हाळू, हाळू. पाय मोडलाय की. बगताय काय नुस्तं, कापड आना."

मी ह्यांच्या डोक्याशी बसले. मला वाटलं गेले. खरं सांगते, मी मनातल्या मनात विधवा होऊन बसले होते. तेवढ्यात ह्यांनी डोळे उघडले.

"खूण उलटी होती," हे म्हणाले. "दादानं खूण उलटी..." आणि पुन्हा डोळे मिटले.

सासूबाई माझ्या मागं येऊन पोचल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. पण पहिलं तोंडातून काय निघालं, तर परटाला हाक. "ती धोतरं आण. सगळी आण. ती स्वच्छ आहेत." परीट धावला. पायघड्या ओढून काढल्या, फाडल्या, पाय बांधला, कपाळ बांधलं, उरलेल्यांची झोळी करून ह्यांना टांग्यापर्यंत नेलं. संध्याकाळी पोलीस जमादार माळ बघायला गेला तेव्हा तिथं एकच खूण होती. भावजींची. माणसं उठून गेलेली, मांजरपाट चुरगळलेला, पण आडवी पट्टी पूर्वेला, अगदी बरोबर.

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं की जीव वाचला. मांडीचं हाड आणि दोन बरगड्या मोडल्यात, पण माणूस चालेल, धावेलसुद्धा. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडले. मामंजी शेजारी येऊन उभे राहिले. बोलणं त्यांना जमण्यातलं नव्हतंच.

शुद्धीवर आल्यावर ह्यांचा पहिला प्रश्न माझ्याबद्दल नव्हता. मांडवातलं कुणी लागलं का, हा होता. कुणी नाही, म्हटल्यावर दुसरा प्रश्न. "परवान्याचं काय झालं?" विमान चालवायला सरकारी परवाना लागतो, आणि अपघात झाला की चौकशी होते. चालवणाऱ्याची चूक निघाली तर परवाना गेला. मग आयुष्यभर विमानाला हात लावायचा नाही. ह्यांना घोर त्याचा. पाय मोडला त्याचं काही नाही. मला राग आला, आणि त्याच वेळी इतकी दया आली की राग धरवेना.

सासूबाई रोज दोन वेळा पेज घेऊन यायच्या. मीठमोहऱ्या उतरवून दृष्ट काढायच्या. ह्यांचे ते शब्द त्यांच्या कानातून जात नव्हते. खूण उलटी टाकली होती. कुणी? भावजींवर त्यांचा जीव, त्यांचं नाव मनातही येणं शक्य नव्हतं. त्यांनी सगळं खापर मांडवाच्या मजुरांवर फोडलं. "दादानं सांगितलं एक आणि त्या मेल्यांनी टाकलं भलतंच," त्या म्हणायच्या. "ज्यानं कुणी ते उलटं कापड टाकलं ना, त्याचे हात झडोत." ह्यांच्या उशाशी बसून, ह्यांच्या केसांतून हात फिरवत त्या हे म्हणायच्या.

एका दुपारी त्या घरी गेल्या होत्या आणि खोलीत आम्ही तिघंच होतो. हे, भावजी आणि मी. भावजींना राहवलं नाही. त्या चार दिवसांत पाठीत वाकल्यासारखा झालेला तो माणूस खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "मी बरोबर टाकली होती रे. पूर्वेला आडवी. देवाशपथ."

"दादा, मी पाहिली ना," हे म्हणाले. "पांढरी फटफटीत. मांडवाच्या दारात आडवी, आणि उभी पट्टी तिथून मैदानात आलेली."

"मांडवाच्या दारात?"

"मग? तिथंच तर होती."

भावजींनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. दारापुढं आडवी टाक की. त्यांच्या पायाला तरी धूळ का लागावी. मी ते सगळं सांगितलं, कारण सांगितल्याशिवाय मला राहवलंच नसतं. मांजरपाटावर माणसं बसली होती, ते भावजींनी सांगितलं. हे ऐकत होते आणि ह्यांचा चेहरा पांढरा पडत चालला होता. शेजारच्या खोलीत कुणीतरी कण्हत होतं.

"आईला माहीत आहे?" ह्यांनी विचारलं.

"नाही," भावजी म्हणाले. मग जरा थांबून, "पण साहेबाला तू हेच सांग. खूण म्हणून जे दिसलं ते पाळलं, यात तुझी काय चूक? परटाला विचारतील, तो सांगेल. तुझा परवाना वाचेल."

"आणि गावभर होईल."

"होईल."

"आणि आईच्या कानावर जाईल."

मी म्हटलं, "जाऊ दे. सांगायचं. खरं ते सांगायचं. त्यांना वाईट वाटेल, त्या रडतील, आणि मग सावरतील. तुम्ही काय जन्मभर मामंजींच्या हाताखाली कोर्टात कागद लिहीत बसणार आहात का? तुम्हाला जमणार आहे का ते?" मी बरंच बोलले. माझा आवाज चढला असणार, कारण नर्स दारात येऊन गेली. हे नुसते छताकडे बघत राहिले. मला वाटलं, पटलं.

चौकशीचा साहेब पुण्याहून आला. उंच, गोरा, बोलायला सभ्य. त्याच्यासाठी खुर्ची ठेवली. मामंजी पलंगाच्या पायथ्याशी उभे, भावजी खिडकीपाशी. सासूबाई पेज घेऊन नेमक्या तेव्हाच आल्या होत्या. त्यांना बाहेर काढायचं कुणाच्या मनात आलं नाही, आणि साहेबानंही त्यांना बसा अशी खूण केली. त्या भांडं मांडीवर धरून पलंगाच्या कडेला टेकल्या. सगळं इंग्रजीत चाललं होतं. त्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. मला माहेरी चार-पाच इयत्ता इंग्रजी शिकवलं होतं, मला पुरेसं कळत होतं.

"जमिनीवरची खूण तुम्हाला दिसली होती?" साहेबानं विचारलं.

"दिसली होती."

"कोणती दिशा दाखवत होती?"

हे थांबले. आता सांगतील, आता सांगतील.

"पूर्व," हे म्हणाले.

मला आधी वाटलं माझं इंग्रजी कच्चं आहे. साहेबानंही मान वर केली. "पूर्व? आणि तुम्ही उतरलात पश्चिमेकडे तोंड करून?"

"हो."

"का?"

"वाऱ्याचा अंदाज मी माझाच केला. तो चुकला."

साहेब वाईट नव्हता. त्यानं पेन खाली ठेवलं आणि हळूच विचारलं, "मैदानावर दुसरं काही होतं का? तुमचा गोंधळ होईल असं? नीट आठवा. घाई नाही."

माझ्या जिभेवर आलं होतं सगळं. परीट, नीळ घातलेली धोतरं, सगळं. मला वाटलं उठून त्या साहेबाचा हात धरावा आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगून टाकावं. मी जन्मात कधी तोंड मिटून बसणाऱ्यांतली नाही. मी पुढं सरकलेही. ह्यांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. त्या नजरेत काय होतं ते मला सांगता येणार नाही, पण मी खाली बसले.

"काही नव्हतं," हे म्हणाले.

मग साहेब म्हणाला की अशा वेळी त्याच्या हातात काही राहत नाही, परवाना काढून घ्यावा लागेल, आणि तो पुन्हा मिळेल अशी आशा ठेवू नये. हे म्हणाले, समजलं. मामंजींनी मान खाली घातली. भावजी खिडकीबाहेर बघत होते, त्यांचे खांदे हलत होते. साहेबानं उठून सासूबाईंना अदबीनं मान लववली आणि तो गेला.

सासूबाईंनी माझा हात ओढला. "काय म्हणाला गं साहेब? रागावला का?"

मला त्या माऊलीचा राग आला होता, ह्यांचा आला होता, त्या सगळ्या गावाचा आला होता. "नाही रागावला," मी म्हटलं. "म्हणाला, ह्यांचा अंदाज चुकला."

"म्हणजे खूण बरोबर होती?"

"बरोबर होती."

"अगं बाई. आणि मी उगाच त्या गड्यांना शिव्याशाप देत बसले." त्यांनी दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावला. त्यांचा चेहरा कसा मोकळा झाला होता. इतक्या दिवसांत मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं. "एवढंच ना मग? चुकायचंच. नवीनच आहे अजून तो."

त्या ह्यांच्याजवळ सरकल्या. पेजेचा चमचा ह्यांच्या तोंडाशी नेला, हनुवटीवर सांडलेली पदरानं पुसली.

"पुढच्या खेपेला नीट बघून उतर हो बाळ," त्या म्हणाल्या. "पायघड्या मी परत घालीन."

"घाल हो आई," हे म्हणाले, आणि तोंड भिंतीकडे केलं.